गुनुंग पादांगची स्वस्त वाट आणि महागडे दावे

इंडोनेशियातील जावा बेटाच्या पश्चिम भागात, चियांजुर जिल्ह्यातील कार्यामुक्ती या गावाच्या हद्दीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ८८५ मीटर उंचीवर गुनुंग पादांग नावाची टेकडी असून तिच्या माथ्यावर दगडी खांब रचून तयार केलेल्या पाच सपाट्या एकीवर एक चढत गेलेल्या आहेत. गेल्या दीड दशकात या टेकडीविषयी जेवढे लिहिले आणि बोलले गेले, तेवढे आग्नेय आशियातील फारच थोड्या महापाषाणीय स्थळांच्या वाट्याला आले असेल; मात्र त्यातील बहुतेक मजकूर 'ही टेकडी जगातील सर्वांत जुना पिरॅमिड आहे काय' या एकाच प्रश्नाभोवती फिरतो. तेथवर कोण, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या पैशाने पोचले, याचा इतिहास त्या गदारोळात मागे पडला आहे. वास्तविक वादाची बरीचशी उकल त्या इतिहासातच आहे.

स्थळाचे वर्णन आधी करणे इष्ट ठरेल. टेकडीच्या पायथ्याशी चिकाहुरिपान नावाचे पाण्याचे ठिकाण असून माथ्यावर जाण्यापूर्वी तेथे हातपाय धुण्याची भाविकांची रीत आहे. तेथून दगडी पायऱ्यांची जुनी, अंगावर येणारी चढण सुरू होते; शेजारून अलीकडे बांधलेली, वळसा घेत जाणारी सोपी वाटही आहे. जुन्या वाटेच्या पायऱ्या म्हणजे आडवे टाकलेले दगडी खांबच होत, आणि त्यांच्या कडा पावलांनी गुळगुळीत झाल्या असल्या तरी पाच-सहा बाजूंचा त्यांचा छेद स्पष्ट ओळखू येतो. माथ्यावरील पहिली सपाटी सर्वांत खालची व सर्वांत प्रशस्त असून तीवर उभ्या-आडव्या खांबांनी आखलेल्या चौकोनी जागा आहेत. पुढच्या चार सपाट्या क्रमाने उंच व लहान होत जातात. सगळ्या बांधणीचा रोख वायव्येकडे, २,९५८ मीटर उंचीच्या गेडे या ज्वालामुखीकडे आहे. काही दगडांवर आघात केला असता धातूसारखा नाद उमटतो, म्हणून स्थानिक सुंदा लोक त्यांना गामेलान किंवा कचापी या आपल्या वाद्यांच्या नावाने ओळखतात.

अशा टप्प्याटप्प्याच्या बांधणीला इंडोनेशियन पुरातत्त्वात 'पुंडेन बेरुंदाक' अशी संज्ञा आहे. पूर्वजांच्या पूजेसाठी डोंगरउतारावर सपाट्या खोदून त्यांना दगडांचे बांध घालायचे, आणि सर्वांत वरच्या सपाटीवर उभे अश्मस्तंभ रोवायचे, अशी ही पद्धत असून पश्चिम जावात तिची आणखीही उदाहरणे आढळतात. गुनुंग पादांग हे त्यांतील सर्वांत मोठे व सर्वांत भव्य. बांडुंग येथील पुरातत्त्वज्ञ लुत्फी योंद्री यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर या बांधणीचा काळ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या आसपासचा मानला आहे. इतर काही अभ्यासक तो आणखी अलीकडे, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत नेतात. म्हणजे महाराष्ट्रात सातवाहन राज्य करीत होते आणि भाजे, कार्ले येथील लेणी खोदली जात होती, साधारण त्या सुमारास जावातील एका समाजाने ही टेकडी बांधून काढली, असे म्हणण्यास हरकत नाही.

दगडांचा प्रश्न वादाच्या मुळाशी असल्यामुळे त्याकडे बारकाईने पाहणे भाग आहे. लाव्हारस थंड होताना आकुंचन पावतो आणि त्याच्या थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात भेगा पडत जातात. या भेगा एकमेकींना मिळाल्या म्हणजे संपूर्ण खडक चार, पाच किंवा सहा बाजूंच्या लांबट खांबांत विभागला जातो. भूविज्ञानात याला स्तंभाकार संधी म्हणतात. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर अशाच उभ्या खांबांची भिंत दिसते, आणि यवतमाळ, कोल्हापूर या जिल्ह्यांतही असे खांब उघडे पडलेले आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित नसावा. गुनुंग पादांगचा खडक अँडेसाइट जातीचा आहे आणि ज्वालामुखीशास्त्रज्ञ सुतिक्नो ब्रोंतो यांच्या मते ही टेकडी म्हणजे एका विझलेल्या ज्वालामुखीचा गळा, म्हणजे लाव्हा ज्यातून वर येतो त्या नळीत घट्ट झालेला खडक होय. तात्पर्य असे की, खांब कोणी घडविले नाहीत. ते निसर्गाने तयारच ठेवले होते आणि माणसांनी ते उचलून, ओढून, रचून बांधकाम केले. यात त्या माणसांच्या कर्तृत्वाला कमीपणा कोठे येतो, हे समजणे कठीण आहे. त्या काळच्या समाजाने शेकडो किलो वजनाचे खांब उतारावर जागच्या जागी बसविणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

येथवर येणारी आजची वाट मात्र कॉफीने आणि चहाने आखून दिली आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीला जावातील कॉफीचे पहिले पीक १७११ साली चियांजुरच्याच सरंजामदाराने पुरविले, आणि त्यानंतर प्रियांगान या डोंगराळ प्रदेशातील शेतकऱ्यांवर ठरावीक भावाने ठरावीक कॉफी देण्याची सक्ती दीर्घकाळ चालली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आसामातून आणलेल्या बियाण्यावर चहाचे मळे उभे राहिले. हा माल बंदरापर्यंत नेण्यासाठी सरकारी रेल्वेने बोगोरहून पूर्वेकडे डोंगर फोडीत मार्ग नेला. तो १८८२ साली सुकाबुमीला, १८८३ साली चियांजुरला आणि १८८४ साली बांडुंगला पोचला. या मार्गावर १८७९ ते १८८२ या काळात खोदलेला लांपेगानचा बोगदा हा जावातील अगदी सुरुवातीच्या बोगद्यांपैकी एक, आणि त्याच्या तोंडाशी असलेले लांपेगान हे छोटे स्थानक गुनुंग पादांगपासून अवघ्या आठ किलोमीटरांवर आहे. रेल्वे टेकडीसाठी आली नाही. पण ती आली नसती तर टेकडीची नोंद बहुधा आणखी बरीच वर्षे झाली नसती.

ती नोंदही ओझरतीच होती. १९१३ साली स्थापन झालेल्या वसाहती पुरातत्त्व खात्याच्या १९१४ च्या अहवालात या जागेचा उल्लेख येतो, परंतु त्यापलीकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. याचे कारण उघड आहे. खात्याचे पहिले प्रमुख एन. जे. क्रोम हे हिंदू-बौद्ध काळाचे अभ्यासक होते, बोरोबुदूरचा जीर्णोद्धार नुकताच, १९११ साली, पुरा झालेला होता, आणि वसाहती विद्वत्तेला शिलालेख, मूर्ती व देवळे यांच्यापुढे अनाम सुंदा पूर्वजांच्या दगडी सपाट्यांचे मोल वाटत नव्हते. त्यातच १९०६ साली चिकाम्पेकवरून बांडुंगला जाणारा जवळचा लोहमार्ग खुला झाला आणि सुकाबुमी-चियांजुरचा मार्ग दुय्यम ठरला. टेकडीवर झाडी माजली, तळाशी शेते आणि चहाचे मळे राहिले. गावकऱ्यांना मात्र जागा ठाऊक होती. राजा सिलिवांगीने एका रात्रीत येथे महाल उभारण्याचा घाट घातला आणि पहाट झाल्यामुळे तो अपुरा राहिला, ही कथा सांगितली जात होती, आणि कोणी ध्यानाला, कोणी नवस बोलायला वर जात होते. १९७९ साली झाडी साफ करणाऱ्या स्थानिक शेतकऱ्यांनी रचलेले दगड पाहून अधिकाऱ्यांना कळविले, आणि त्यानंतर राष्ट्रीय पुरातत्त्व संशोधन केंद्राचे लोक प्रथमच पद्धतशीर पाहणीसाठी तेथे आले. स्थळाच्या 'शोधा'चे श्रेय द्यायचेच झाले तर ते या शेतकऱ्यांकडे जाते, हे पुढच्या सर्व गाजावाज्यात सहसा कोणी सांगत नाही.

पाठीवर पिशवी टाकून, थोडक्या पैशांत डोंगर पालथे घालण्याची परंपराही या देशात बाहेरून आलेली नाही, निदान पूर्णपणे नाही. १९६४ साली इंडोनेशिया विद्यापीठात विद्यार्थ्यांचे 'मापाला' हे गिरिभ्रमण मंडळ आणि बांडुंगमध्ये 'वानाद्री' ही संघटना स्थापन झाली. सुकार्नो राजवटीच्या अखेरच्या अस्वस्थ वर्षांत राजकारणाचा उबग आलेल्या तरुणांनी देश पायी पाहावा, ही त्यामागची प्रेरणा होती. मापालाच्या संस्थापकांपैकी सो होक गी हा तरुण लेखक व कार्यकर्ता १९६९ च्या डिसेंबरमध्ये सेमेरू ज्वालामुखीवर विषारी वायूने मरण पावला आणि त्यानंतर डोंगर चढणे हा इंडोनेशियन तरुणाईच्या आत्मप्रतिमेचा एक भाग बनला. महाराष्ट्रात गडकिल्ल्यांच्या भटकंतीला जे स्थान आहे, तेच तेथे ज्वालामुखींच्या चढाईला आहे. परदेशी भटक्यांची लाट त्याच सुमारास आली; जाकार्तातील जालान जाक्सा या गल्लीत साठच्या दशकाच्या अखेरीस स्वस्त मुक्कामाची सोय सुरू झाली, आणि १९७५ साली निघालेल्या लोनली प्लॅनेटच्या आग्नेय आशियावरील मार्गदर्शिकेने जावा-बाली ही स्वस्त प्रवासाची ठरीव वाट करून टाकली. गुनुंग पादांग त्या वाटेपासून बाजूलाच राहिले. त्याला प्रवासी मिळवून दिले ते पुरातत्त्वाने नव्हे, तर अतिशयोक्तीने.

अतिशयोक्तीची जमीन आधीपासून नांगरलेली होती. गेल्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली असताना जावा, सुमात्रा आणि बोर्निओ आशियाच्या मुख्य भूमीला जोडलेले होते. या बुडालेल्या भूभागाला सुंदालँड म्हणतात, आणि त्याच्या अस्तित्वाविषयी शास्त्रज्ञांत दुमत नाही. मात्र ब्राझिलियन लेखक आरिसिओ सांतोस यांनी २००५ साली एका पुस्तकात प्लेटोने वर्णिलेले अटलांटिस म्हणजे हाच प्रदेश, असे प्रतिपादन केले आणि इंडोनेशियात ते पुस्तक हातोहात खपले. २०११ च्या सुमारास राष्ट्राध्यक्ष सुसिलो बांबांग युधोयोनो यांचे एक विशेष साहाय्यक आंदी आरीफ यांनी प्राचीन आपत्तींचा शोध घेण्यासाठी एक पथक जुळविले. त्याच काळात गारुत जिल्ह्यातील सादाहुरिप नावाच्या त्रिकोणी डोंगरात पिरॅमिड दडल्याची हूल उठली, आणि ती विरल्यावर सर्वांचे लक्ष गुनुंग पादांगकडे वळले, जेथे निदान खरोखरीचे बांधकाम तरी होते.

पथकाचे वैज्ञानिक नेतृत्व डॅनी हिलमान नाटाविजाया यांच्याकडे होते. ते कोणी हौशी गृहस्थ नव्हते. अमेरिकेतील कॅलटेक येथे शिकलेले, सुमात्रातील प्रस्तरभंग आणि भूकंप यांवर मान्यता पावलेले काम असलेले भूवैज्ञानिक होते, आणि म्हणूनच हे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे. जमिनीत रडारलहरी सोडून, विद्युत्‌ रोध मोजून आणि छिद्रे घेऊन नमुने काढून त्यांनी टेकडीच्या पोटात थरांची रचना व पोकळीसारख्या जागा असल्याचे सांगितले. याच सुमारास, २०१३ साली, अटलांटिस इंडोनेशियातच असल्याचे सांगणारे त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. त्या वर्षी ३४ इंडोनेशियन पुरातत्त्वज्ञ व भूवैज्ञानिकांनी पथकाच्या हेतूंवर आणि पद्धतींवर आक्षेप घेणारे निवेदन राष्ट्राध्यक्षांकडे पाठविले. त्याचा परिणाम उलटाच झाला म्हणावा लागेल, कारण २०१४ च्या फेब्रुवारीत युधोयोनो स्वतः टेकडीवर आले आणि उत्खननाला बळ मिळाले. पुढे ऑक्टोबरमध्ये सत्ताबदल झाला आणि काम थांबले. सत्तेच्या आश्रयाने चाललेल्या संशोधनाचे आयुष्य सत्तेएवढेच असते.

दावा मात्र थांबला नाही. ब्रिटिश लेखक ग्रॅहॅम हॅन्कॉक यांनी तो आपल्या पुस्तकातून जगभर नेला आणि २०२२ साली नेटफ्लिक्सवरील त्यांच्या मालिकेचा पहिलाच भाग गुनुंग पादांगवर होता. पाठोपाठ २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नाटाविजाया व सहकाऱ्यांचा शोधनिबंध 'आर्किऑलॉजिकल प्रॉस्पेक्शन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. टेकडीचा गाभा नैसर्गिक लाव्हाचा असला तरी माणसांनी तो कोरून, ख्रिस्तपूर्व २५,००० ते १४,००० या काळात त्यावर बांधकाम चढविले, असे त्यात म्हटले होते. तुर्कस्तानातील गोबेक्ली तेपे हे आजवरचे सर्वांत जुने ज्ञात भव्य बांधकाम सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वीचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे दाव्याचा आवाका कळतो.

आक्षेप घेण्यासाठी मोठ्या विद्वत्तेची गरज नव्हती. किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने काल मोजताना जे मोजले जाते ते एखादी सजीव वस्तू मेल्यापासून लोटलेला काळ; त्यामुळे चुलीतला कोळसा, हाड किंवा धान्याचा दाणा मिळाला तर त्याचे वय माणसाच्या वावराशी जोडता येते. येथे मोजली गेली होती ती खोलवरची माती. माती जुनी असतेच, आणि वीस हजार वर्षांपूर्वीची माती कोठल्याही जुन्या टेकडीखाली सापडू शकते. तिच्यासोबत अवजार, राख, हाड, खापर यांपैकी काही मिळाल्याशिवाय तेथे माणूस होता असे म्हणता येत नाही. नियतकालिकाने चौकशी केली आणि २०२४ च्या मार्चमध्ये निबंध मागे घेतला. कालमापन केलेली माती मानवनिर्मित मानता येईल अशा कोणत्याही वस्तूशी वा रचनेशी निगडित नाही, असे कारण त्यासाठी देण्यात आले. लेखकांनी या निर्णयाचा निषेध केला. निषेधाचा त्यांचा हक्क मान्य केला तरी निर्णय योग्यच होता, कारण पुराव्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते आणि ती पार पाडली गेली नव्हती. तरीही असा निबंध तज्ज्ञांच्या छाननीतून मुळात पार कसा पडला, हा प्रश्न नियतकालिकालाही विचारावा लागतो.

या सर्व काळात टेकडीकडे जाणारी स्वस्त वाट आपल्या परीने बदलत होती. २००१ साली लांपेगानचा बोगदा कोसळला आणि त्या टप्प्यातील गाड्या बंद पडल्या. दुरुस्तीनंतर २०१४ साली सुकाबुमी ते चियांजुर ही सिलिवांगी नावाची साधी गाडी धावू लागली. आज जाकार्ताहून निघणारा प्रवासी विजेच्या लोकलने बोगोरला उतरतो, तेथून जवळच्याच बोगोर पालेदांग स्थानकापर्यंत चालत जातो, पांग्रांगो गाडीने सुकाबुमी गाठतो आणि सिलिवांगीने लांपेगानला येतो. शेवटच्या गाडीचे भाडे काही हजार रुपिया, म्हणजे भारतीय चलनात पन्नास रुपयांच्या आत पडते. पुढचे आठ किलोमीटर चहाच्या मळ्यांतून जाणारी चढउताराची वाट पायी किंवा ओजेकने, म्हणजे भाड्याच्या दुचाकीने, कापावी लागते. गोव्यात ज्यांना पायलट म्हणतात तोच हा व्यवसाय. गावात घरगुती मुक्कामाची सोय होते आणि केळीच्या पानात गुंडाळलेला भात, कच्च्या भाज्या व सांबाल असे सुंदा पद्धतीचे जेवण साध्या खानावळीत मिळते. गाड्या दिवसातून मोजक्याच असल्यामुळे वेळापत्रक आधी पाहणे आवश्यक असते, आणि पावसाळ्यात जुन्या पायऱ्या निसरड्या होतात.

दाव्यांमुळे गावात पैसा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. ओजेकवाले, खानावळी, वाटाडे यांचा संसार पिरॅमिडच्या कीर्तीवर काही अंशी चालतो, आणि निबंध मागे घेतला गेल्याने त्यांचे गिऱ्हाईक तुटावे अशी इच्छा कोणी धरू नये. परंतु त्या कीर्तीची किंमत स्थळाने मोजली आहे. उत्खननाच्या धांदलीत सपाट्यांच्या उतारावरील माती हलविली गेली, आणि जी गोष्ट डोळ्यांपुढे होती तिचा अभ्यास, म्हणजे या सपाट्या कोणी, किती माणसांनी, किती पिढ्यांत बांधल्या आणि तेथे नेमके कोणते विधी होत, हा विषय दडलेल्या दालनांच्या शोधापुढे खुजा ठरविला गेला.

या आटापिट्याची खरे तर गरज नव्हती. मानवी प्राचीनत्वाच्या बाबतीत इंडोनेशियाला कोणाकडून काही उसने घेण्याचे कारण नाही. १८९१ साली यूजीन दुब्वा यांना त्रिनील येथे होमो इरेक्टसचे अवशेष सापडले ते याच जावा बेटावर. सांगिरान येथील जीवाश्मांचे क्षेत्र १९९६ पासून जागतिक वारसा आहे. गुनुंग पादांगचे उत्खनन थांबले त्याच २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये सुलावेसी बेटावरील मारोसच्या गुहांमधील हाताच्या ठशाचे वय किमान ३९,९०० वर्षे असल्याचे प्रसिद्ध झाले, आणि २०२४ साली त्याच भागातील एका चित्राचे वय किमान ५१,२०० वर्षे ठरले. ज्या वर्षी हिमयुगातील पिरॅमिडचा निबंध मागे घ्यावा लागला, त्याच वर्षी त्याच देशाच्या एका गुहेतील चित्र जगातील सर्वांत जुन्या ज्ञात कथाचित्रांत गणले गेले, आणि ते वय गुहेच्या भिंतीवर चित्रावरच साचलेल्या चुन्याच्या थरावरून मोजलेले असल्यामुळे त्याविषयी कोणाला निवेदन काढावे लागले नाही.